प्लॅटिनम सलाइनमधून देतात, मग गोळीत पॅलेडियम का चालत नाही?

प्रश्न एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: मावशीला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी कार्बोप्लॅटिन चालू आहे. कॉलेजात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम उत्प्रेरक म्हणून शिकवतात. औषध कंपनीत लागलेला मित्र सांगतो की मालात पॅलेडियम जास्त निघालं तर अख्खा लॉट अडकतो. असले धातू एकीकडे औषध आणि दुसरीकडे अशुद्धी, हे कसं? ऑर्गॅनोमेटॅलिक संयुगांची औषधं खरंच होतात का? आणि प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का?

मी पंचवीस वर्षं प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आहे. प्रयोगशाळेत ग्रॅमभर झालेली रिअॅक्शन कारखान्यात शेकडो किलोंवर कशी न्यायची, हे माझं काम. त्यामुळे उत्प्रेरकाची बाजू मी हातानं शिकले आणि औषधाची बाजू वाचून, त्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींना विचारून.

आधी नाव नीट लावून घेऊ. धातूचा अणू थेट कार्बनच्या अणूला जोडलेला असेल, तरच ते संयुग काटेकोर अर्थानं ऑर्गॅनोमेटॅलिक. या मापानं तुमच्या मावशीचं कार्बोप्लॅटिन त्यात बसत नाही. त्याच्या रेणूत कार्बन आहे, पण प्लॅटिनमला धरून ठेवलंय ते दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन अणूंनी. ते कोऑर्डिनेशन संयुग. उलट कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं मिथाइलकोबालामिन, म्हणजे आपलं बी-१२, हे अस्सल ऑर्गॅनोमेटॅलिक आहे. त्यात कोबाल्टला मिथाइल गट सरळ जोडलेला असतो. डोरोथी हॉजकिन यांनी बी-१२ ची रचना १९५६ मध्ये उलगडली आणि १९६१ मध्ये त्याच्या शरीरात काम करणाऱ्या रूपात कोबाल्ट आणि कार्बनचा थेट बंध दाखवला. धातू-कार्बन बंध म्हणजे हवापाणी लागलं की मोडणारी गोष्ट, असा तोवर बहुतेक रसायनतज्ज्ञांचा अनुभव होता. आणि इथे तो बंध आपल्या यकृतात सुखानं नांदत होता.

मिथाइलकोबालामिनच्या इंजेक्शनची कुपी कधी हातात घेऊन बघा. आतला द्रव लालभडक आणि काच गडद तपकिरी. उजेड पडला की कोबाल्ट-कार्बन बंध तुटतो आणि मिथाइल गट निघून जातो, म्हणून ती काच. शरीरात हेच संयुग आपला मिथाइल गट होमोसिस्टीन नावाच्या रेणूला देतं, त्याचं मेथिओनीन हे अमिनो आम्ल होतं, आणि मोकळा झालेला कोबाल्ट फोलेटकडून नवा मिथाइल घेऊन पुन्हा कामाला लागतो. देणं, घेणं, पुन्हा देणं. उत्प्रेरक याहून वेगळं काही करत नाही. म्हणूनच दिवसाला सुमारे दोन मायक्रोग्रॅम बी-१२ माणसाला पुरतं. औषध आणि उत्प्रेरक या दोन बाजू मुळात किती जवळ आहेत, ते या एका रेणूत दिसतं.

आता कारखान्यातली एक बॅच सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच पहिल्यांदा नीट कळलं.

जुलै महिना, कोकणपट्टीतली एमआयडीसी. आम्ही सुझुकी कपलिंग करत होतो: एका तुकड्यावर बोरॉन, दुसऱ्यावर ब्रोमीन, आणि दोघांना कार्बन-कार्बन बंधानं जोडून देणारं पॅलेडियम. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल मिळालं ते याच घराण्यातल्या रिअॅक्शन्ससाठी. रक्तदाबाच्या लोसार्टनमधल्या दोन बेंझीन कड्या मर्कच्या लोकांनी याच पद्धतीनं जोडल्या होत्या. आमचा उत्प्रेरक होता टेट्राकिस, म्हणजे चार ट्रायफिनाइलफॉस्फिन (फॉस्फरसच्या टोकानं धातूला धरणारे गट) लावलेलं पॅलेडियम. ताजं असलं की हळदीसारखं पिवळं. हवा लागली की रंग मळत जातो.

चारही फॉस्फिन जागेवर असताना हा रेणू काहीच करत नाही, कारण पॅलेडियमला कुणी नवीन येऊन बसायला जागाच नसते. त्यातले दोन सुटतात, उरलेला अर्धामुर्धा रेणू कार्बन-ब्रोमीन बंधात घुसतो आणि तिथून चक्र सुरू होतं. म्हणजे बाटलीवर ज्याचं नाव आहे तो उत्प्रेरक नव्हेच. रिअॅक्टरमध्ये त्याच्यापासून जे तयार होतं, ते काम करतं. पण तो अर्धामुर्धा रेणू फार हळवा असतो. ऑक्सिजन मिळाला की फॉस्फिन खराब होतात आणि उघडे पडलेले पॅलेडियमचे अणू एकमेकांना चिकटून काळी भुकटी होते.

त्या रात्री तेच झालं. ऑक्सिजन हाकलायला सॉल्व्हंटमधून नायट्रोजन किती वेळ सोडायचा ते मी बॅच शीटवर लिहिलं होतं, पण का सोडायचा हे पाळीवरच्या ऑपरेटरना समजावून सांगितलं नव्हतं. पाळी बदलायची वेळ होती, ती पायरी आटोपती घेतली गेली. साइट ग्लासमधून पिवळट-नारिंगी दिसायला हवा तो द्रव तासाभरात राखाडी झाला आणि मग काळा. उत्प्रेरकाचा दुसरा डोस देऊन रिअॅक्शन कशीबशी पुरी केली. सकाळी फिल्टरवरचा केक पांढराशुभ्र असायचा, तो राखेचा हात लागल्यासारखा मळकट होता. नमुना आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्राला गेला आणि पॅलेडियम मर्यादेच्या कितीतरी वर आलं. मग कार्बन ट्रीटमेंट, मग गंधकाचे गट लावलेल्या सिलिकावरून फिरवणं, मग पुन्हा स्फटिकीकरण. प्रत्येक पायरीला माल घटत गेला. तेव्हापासून मी बॅच शीटवर आकड्याच्या शेजारी कारणही लिहिते.

म्हणजे तुमच्या मित्रानं सांगितलं ते बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तोंडानं घ्यायच्या औषधातून दिवसाला जास्तीत जास्त १०० मायक्रोग्रॅम पॅलेडियम चालतं, इंजेक्शनमधून १०. रोजचा डोस १० ग्रॅम धरला तर गोळीत १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग. पॅलेडियम म्हणजे जहर, असा याचा अर्थ नाही. त्या गोळीत त्याला काही काम नाही, आणि ते कोणत्या रूपात उरलंय हे आपल्या हातात नाही. भुकटी असेल, फॉस्फिनला चिकटलेलं असेल, औषधाच्याच रेणूला धरून बसलेलं असेल. मावशीच्या शिरेतून जाणारा प्लॅटिनम मात्र एका ठरलेल्या रूपात, मोजून जातो. कार्बोप्लॅटिनचा डोस रुग्णाची किडनी किती वेगानं रक्त गाळते त्यावरून काढतात, इतकं ते माप नेमकं असतं.

पण तिथेही जे टोचलं तेच काम करतं असं नाही. सिस्प्लॅटिनची गोष्ट बघा. रेणू जुना, १८४४-४५ च्या सुमाराला पेरोने यांनी बनवलेला. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. ई. कोलाय विभागायचे थांबले आणि शेवयांसारखे लांबच लांब वाढत गेले. कारण वीज नव्हतं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून धातू विरघळून द्रवातल्या अमोनिया आणि क्लोराइडशी जुळला होता. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली.

सिस्प्लॅटिनमध्ये प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड असतात. रक्तात क्लोराइड भरपूर, लिटरला सुमारे १०० मिलिमोल, म्हणून तिथे प्लॅटिनमवरचे क्लोराइड जागचे फारसे हलत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड बरंच कमी. तिथे ते सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं, आणि हा पाणी लागलेला प्लॅटिनम डीएनएतल्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना धरून साखळीला बाक आणतो. टेट्राकिसनं दोन फॉस्फिन सोडले, सिस्प्लॅटिननं दोन क्लोराइड सोडले. युक्ती एकच. फरक इतकाच की टेट्राकिसचं पॅलेडियम काम करून सुटतं आणि पुढच्या रेणूकडे जातं, प्लॅटिनम डीएनएला धरून बसतो आणि तिथेच राहतो.

केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरना हे रसायनशास्त्र त्यांच्या पद्धतीनं पक्कं ठाऊक असतं. सिस्प्लॅटिन मिठाच्या सलाइनमधून द्यायचं, ऑक्झॅलिप्लॅटिन मात्र कधीही सलाइनमध्ये मिसळायचं नाही, ते ग्लुकोजच्या बाटलीतून. कारण तेच क्लोराइड. सिस्प्लॅटिनला ते सांभाळतं आणि ऑक्झॅलिप्लॅटिनच्या ऑक्झॅलेटला हुसकावून लावतं. अॅल्युमिनियमचा भाग असलेली सुईसुद्धा सिस्प्लॅटिनला चालत नाही, धातूचा धातूशी संबंध येऊन औषधाचा गाळ बसतो. कार्बोप्लॅटिनमध्ये क्लोराइडच्या जागी दोन हातांनी धरणारा एकच गट आहे, तो सावकाश सुटतो. म्हणून किडनीला त्रास कमी होतो, पण प्लेटलेट जास्त उतरतात. मावशीच्या रक्ताच्या तपासण्या वारंवार होतात त्या यासाठी. त्यातली एकही चुकवू नका.

आता खरी ऑर्गॅनोमेटॅलिक संयुगं औषध म्हणून. माझ्या मते यातलं सर्वात शिकण्यासारखं उदाहरण यशाचं नाही, अपयशाचं आहे: टिटॅनोसीन डायक्लोराइड. टायटॅनियमच्या दोन बाजूंना पाच कार्बनची एकेक कडी, शिवाय दोन क्लोराइड. लाल, देखणे स्फटिक. पॉलिमरवाले १९५७ पासून ते इथिलीनच्या पॉलिमरायझेशनसाठी वापरून पाहत होते. १९७९ मध्ये कोप्फ आणि कोप्फ-मायर यांना दिसलं की ते उंदरांमधल्या गाठींवर चालतं. दोन क्लोराइड शेजारी शेजारी, अगदी सिस्प्लॅटिनसारखे, म्हणून आशाही मोठी होती. माणसांवरच्या चाचण्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेल्या आणि गुण पुरेसा दिसला नाही म्हणून थांबल्या.

पाण्यात टाकल्याबरोबर याचे क्लोराइड सुटतात, एवढं एक वेळ चाललं असतं. पण रक्ताच्या पीएचला हळूहळू कार्बनच्या कड्याही गळतात, आणि टायटॅनियम शेवटी ऑक्साइडच्या गाळाकडे जातो. पॉलिमरच्या रिअॅक्टरमध्ये पाण्याचा थेंब नसतो, तिथे हाच सैलपणा गुण ठरतो. शरीर म्हणजे बहुतांश पाणीच. उत्प्रेरकाला धातूवरची जागा लवकर मोकळी होणं हवं असतं. औषधाला ती मोकळी व्हायला हवी, पण ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर. त्याआधी पाणी, क्लोराइड, पेशीतल्या ग्लुटाथायोन या रेणूचं गंधक, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, सगळ्यांना चुकवून जायचं. चांगला उत्प्रेरक सहसा चांगलं औषध होत नाही, त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

फेरोसीन याला अपवाद निघालं, कारण ते आपल्या कड्या सोडतच नाही. दोन कड्यांच्या मधे लोखंड, नारिंगी स्फटिक, वास कापरासारखा, आणि कापरासारखंच तापवलं की घनाची थेट वाफ होणारं. १९५१ मध्ये ते जगापुढे आलं. विल्किन्सन आणि फिशर यांना अशा सँडविच रेणूंवरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. हवा, पाणी, पेशीतला द्रव, सगळ्यात ते टिकतं. फ्रान्समध्ये लील इथे क्रिस्टोफ बियो आणि सहकाऱ्यांनी क्लोरोक्विनच्या बाजूच्या साखळीत फेरोसीन बसवून फेरोक्विन केलं, १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या मलेरियाच्या परजीवीवर ते चालतं. माणसांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या त्याच्या झाल्या, पण औषध म्हणून ते अजून बाजारात नाही. पॅरिसमध्ये जेरार जाउएन यांच्या गटानं टॅमॉक्सिफेनमधल्या एका बेंझीन कडीच्या जागी फेरोसीन बसवलं. टॅमॉक्सिफेन ज्यांच्यावर चालत नाही अशा, इस्ट्रोजेनचा ग्राहक (रिसेप्टर) नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरही प्रयोगशाळेत ते चालतं. सोव्हिएत संघात तर लोहाच्या कमतरतेवर फेरोसेरॉन नावाचं फेरोसीनचं औषध प्रत्यक्ष दिलं जात होतं.

हेच फेरोसीन उत्प्रेरकांमध्येही आहे. मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनसाठी मर्कनं ऱ्होडियमचा उत्प्रेरक वापरला होता, त्याला धरणारा जोसिफॉस हा लिगंड (धातूला जोडून राहणारा गट) फेरोसीनच्या सांगाड्यावर उभा आहे. पुढे त्या पायरीसाठी एन्झाइम आलं, पण जोसिफॉसची घडण आजही अभ्यासण्यासारखी आहे.

मोजक्या मात्रेत दिलेलं ऑर्गॅनोमेटॅलिक तर आपल्याकडे रोज वापरात आहे, फक्त कुणाला ते नाव माहीत नसतं. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट मिळतं का ते बघायला स्कॅन करतात. लोक त्याला सरसकट थॅलियम टेस्ट म्हणतात, पण अनेकदा टोचलेलं असतं ते टेक्नेशियम सेस्टामिबी. टेक्नेशियमभोवती सहा आयसोनायट्राइल, सहाही जण कार्बनच्या टोकानं धरलेले. पूर्ण कामात एकही सुटत नाही. रेणू हृदयाच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात साठतो, गॅमा किरणं देतो, आणि दर सहा तासांनी किरणोत्सर्ग निम्मा होतो. अशा तपासण्यांची किट देशात पुरवणाऱ्यांमध्ये अणुऊर्जा विभागाची, नवी मुंबईत वाशीला असलेली ब्रिट ही संस्था आहे.

आर्सेनिकला धातूंत धरलं तर १९१० चं साल्वार्सनही यात येतं. पॉल एर्लिख आणि साहाचिरो हाता यांचं, सिफिलिसवरचं. त्याची खरी रचना, तीन आणि पाच आर्सेनिक अणूंच्या कड्यांचं मिश्रण, २००५ मध्ये कळली. तेही शरीरात ऑक्सिडाइज होऊन मगच काम करायचं.

मला स्वतःला सर्वात ओढ आहे ती दोन्ही बाजू एकत्र आणणाऱ्या कामाची. इंग्लंडमध्ये पीटर सॅडलर यांच्या गटानं जपानी रसायनतज्ज्ञ नोयोरी यांच्या धर्तीचा ऑस्मियमचा उत्प्रेरक अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींत सोडला आणि सोबत निरुपद्रवी मात्रेत फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचा क्षार, दिलं. उत्प्रेरकानं फॉर्मेटमधला हायड्रोजन काढून पेशीतल्या पायरुवेटवर चढवला आणि लॅक्टेट केलं, तेही एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या उजव्या-डाव्या रूपांतला एकच प्रकार जास्त. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. प्लॅटिनमचा एक रेणू एकाच जागी खर्ची पडतो. उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरता आला तर डोस कमी लागेल, आणि किडनी-नसांवरचा मार कमी होईल. अजून हे पेशींपुरतंच आहे. माणसाच्या रक्तात ग्लुटाथायोनसमोर तो उत्प्रेरक किती फेऱ्या टिकेल, हा खरा प्रश्न आहे.

धातूचं रूप हातातून निसटलं की काय होतं, त्यासाठी जपानमधलं मिनामाता आठवा. चिस्सो कंपनी अॅसिटिलीनपासून अॅसिटाल्डिहाइड करायला पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरत होती. त्यातला थोडा पारा प्रक्रियेतच मिथाइल गट उचलून मिथाइलमर्क्युरी व्हायचा आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जायचा. मासे, मग मांजरं, मग माणसं. १ मे १९५६ ला हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला, कारखान्यातली ती प्रक्रिया १९६८ मध्ये बंद झाली. मधली बारा वर्षं कोळ्यांच्या घरात मुलं जन्मतःच अपंग होत राहिली. प्रोसेसमधल्या प्रत्येक माणसानं हे वाचलंच पाहिजे, कारण तिथेही टाकलेला पदार्थ एक होता आणि बाहेर पडलेला दुसराच.

भस्मांविषयी आपल्याकडे हमखास विचारलं जातं, म्हणून दोन शब्द. लोहभस्म मुख्यत्वे लोखंडाचं ऑक्साइड, रससिंदूर पाऱ्याचं सल्फाइड. दोन्हींत धातू-कार्बन बंध नाही, त्यामुळे या कुटुंबाशी त्यांचा संबंध नाही. पण केमो चालू असताना किडनीवर आधीच ताण असतो. मावशी असं काही घेत असतील तर डॉक्टरांना नावासकट सांगा.

आणि प्रोजेक्ट. जरूर घ्या. फक्त आपल्याकडे शेकडो प्रोजेक्ट एकाच वळणानं जातात, तसं करू नका: शिफ बेस (धातूला धरणारा एक सेंद्रिय रेणू) करायचा, त्यावर तांबं किंवा निकेल बसवायचं, डीएमएसओ या द्रावकात विरघळवून जिवाणूंच्या प्लेटवर टाकायचं, वर्तुळ मोजायचं, संपलं. डीएमएसओ स्वतः धातूला धरतं. सिस्प्लॅटिन त्यात विरघळवलं तर क्लोराइडच्या जागी डीएमएसओ येऊन औषध निकामी होतं. म्हणजे प्लेटवर तुम्ही काय टाकलंत ते तुमचं तुम्हालाच माहीत नसतं. मुलांची वर्षभराची मेहनत अशी वाया जाताना बघून वाईट वाटतं.

दोनच संयुगं करा, पण नीट करा. जिवाणूंकडे जाण्याआधी प्रत्येक संयुग तीन द्रवांत, सदतीस अंशाला ठेवा: पीएच ७.४ चा बफर, त्यात मीठ घातलेला बफर, आणि त्यात ग्लुटाथायोन घातलेला बफर. लगेच, तासाभरानं आणि दुसऱ्या दिवशी एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) काढा. तांब्यासारखा धातू एनएमआरच्या रेषा पसरवत असेल तर यूव्ही-व्हिजिबल घ्या आणि शिखरं सरकतात का ते बघा. फॉस्फिन असेल तर फॉस्फरसचा एनएमआर, त्यात सुटलेला आणि ऑक्साइड झालेला फॉस्फिन वेगवेगळा दिसतो. मोकळ्या लिगंडचं आणि साध्या धातूच्या क्षाराचं माप शेजारी ठेवा, म्हणजे गुण कुणाचा ते कळेल. संयुग दुसऱ्या दिवशी मोडलेलं निघालं तरी तो निकालच आहे, तसाच लिहा. मार्गदर्शकांना एनएमआरचा वेळ आत्ताच मागून ठेवा, मार्चमध्ये मशीनला रांग लागते.